शिकागोच्या काकांना जाहीर धन्यवाद

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर बघून मला कधी उमगला नव्हता. तुम्ही टेबलावर शेंगदाणे आणि फुटाणे मांडलेत. शेंगदाणे आपले, फुटाणे समोरचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं. काकू ओरडेपर्यंत आपण खेळत होतो.

पण खरे आभार आमोस अलोन्झो स्टॅग या फुटबॉल कोचची ओळख करून दिलीत त्याचे. शिकागो विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन लायब्ररीपाशी नेऊन तुम्ही सांगितलंत, त्यांचं मैदान इथंच होतं. 1942 साली त्याच्या गॅलरीखाली शास्त्रज्ञ फर्मी आणि मंडळींनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. लोक फोटो काढतात ते त्या प्रयोगाच्या स्मारकाचे. मास्तराला कोण विचारतो!

हा मास्तर 1892 ते 1932 शिकागो विद्यापीठाचा कोच होता, आणि प्राध्यापकवर्गात त्याला रीतसर जागा होती. मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला माझा तास जायचा. त्यामुळे मला ही गोष्ट त्यांच्या 314 विजयांहून मोठी वाटते. 1905 चा मिशिगनवरचा विजय मात्र तुमच्याच तोंडून ऐकावा. मिशिगन म्हणजे 56 सामने न हरलेला संघ, आणि निकाल काय, तर 2-0!

सत्तरी गाठली म्हणून विद्यापीठानं त्यांना निवृत्त केलं. गडी उठला तो थेट कॅलिफोर्नियात, स्टॉकटनला. कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये 1946 पर्यंत राहिला, आणि 1943 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, देशातला वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरला. पुढं पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीनं कोचिंग. 1965 मध्ये वारले तेव्हा 102 वर्षांचे होते. पत्नी स्टेला प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाची टिपणं काढायच्या, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. काकू ऐकत होत्या म्हणून असेल.

येल विद्यापीठात असताना स्टॅग यांनी गादी गुंडाळून टॅकलचा, म्हणजे समोरच्याला पकडून पाडण्याचा, सराव करायला डमी केली होती, ते माझ्या डोक्यात बसलं. परतल्यावर घरातली कापसाची जुनी गादी सुतळीनं आवळून चिंचेला टांगली. कबड्डीची पोरं तिच्यावर मांडीची पकड घोटवतात. शिवण दोनदा उसवली, कापूस मैदानभर. आता वरून ताडपत्री शिवून घेतलीय. डिसेंबरात याल तेव्हा संध्याकाळी मैदानावरच या, हल्ली मी घरी सापडत नाही.

तुमचा,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली