वीज शुल्क माफ होते, तेव्हा गावाच्या पदरात काय पडते? उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी रबाळे गावात राहते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची आमच्या आजोबांची भातशेती औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाली आणि वडिलांना तिथल्याच एका रसायन कारखान्यात नोकरी मिळाली. पुढे तो कारखाना बंद पडला, गेटला कित्येक वर्षे कुलूप राहिले, आणि आता त्या जागेवर डेटा सेंटर, म्हणजे संगणकांवर माहिती साठवणारे केंद्र, उभे आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण केलेला माझा भाचा त्याच गेटवर कंत्राटदारामार्फत सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो. येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली दांडीला लावलेला आरसा फिरवतो आणि नोंदवहीत वेळ लिहितो. आत ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, बॅटऱ्या आणि थंडावा राखणारी यंत्रे अहोरात्र चालू असतात, म्हणजे दोन वर्षे तो जे शिकला त्याचेच काम भिंतीपलीकडे आहे.

डेटा सेंटरला माझा विरोध नाही. राज्याने 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात या व्यवसायाला वीज शुल्काच्या, म्हणजे वीजवापरावरील राज्याच्या कराच्या, माफीसह अनेक सवलती दिल्या आणि ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात त्यामुळे मोठी गुंतवणूक आली, हे मला ठाऊक आहे. पण या उद्योगाला भांडवल आणि वीज भरपूर लागते, माणसे मात्र थोडी लागतात. उद्योगांवरची सामाजिक जबाबदारीची बंधने अजूनही जुन्या कारखान्याच्या मापाने, माणसे मोजून घातली जातात, आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

शिकाऊ उमेदवारी कायद्याचेच पाहा. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असा नियम आहे. हजार कामगारांच्या कारखान्यात किमान 25 मुले शिकली असती. ऐंशी माणसांच्या केंद्रात दोनच शिकतील. 80 टक्के रोजगार स्थानिकांना देण्याच्या 2008 च्या शासन निर्णयाचीही हीच गत आहे, कारण तिथे स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षे वास्तव्य असलेला कोणीही, त्यामुळे ज्यांच्या जमिनीवर वसाहत उभी राहिली त्या गावांचा वेगळा विचार त्यात होतच नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, बंधनाचे माप माणसांच्या संख्येऐवजी मिळालेल्या सवलतीच्या रकमेवर ठरवावे. ज्या कंपनीचे जितके वीज शुल्क माफ होईल, त्याचा एक ठरावीक हिस्सा तिने परिसरातील आयटीआयमध्ये उच्चदाब विद्युत आणि शीतकरणाचे प्रशिक्षण चालवण्यासाठी द्यावा, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आपल्या केंद्रात व कंत्राटदारांकडे पगारी उमेदवारी द्यावी. यासाठी नवा कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही. औद्योगिक विकास महामंडळाचे (एमआयडीसी) भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. त्यांच्या हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी लागतेच, आणि त्या परवानगीच्या पत्रात ही अट घालता येते. बंद कारखान्याचा भूखंड नव्या हाती जातो, ती वेळ सरकारच्या हातातली सर्वांत मोठी संधी असते आणि आजवर आपण तिच्यातून प्रामुख्याने हस्तांतरण शुल्कच वसूल केले आहे.

या वसाहतीतल्या छोट्या पॅकिंग युनिटमध्ये काम करणाऱ्या बायांचा प्रश्न याच धाटणीचा आहे. 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक आहे, पण एकेका गाळ्यात वीस-पंचवीस जणीच असतात, त्यामुळे कोणावरच जबाबदारी येत नाही आणि लेकरू शेजारणीच्या भरवशावर राहते. महामंडळाने सुविधा भूखंडावर सामायिक पाळणाघर बांधून त्याचा खर्च गाळेधारकांच्या सेवाशुल्कात वाटून घ्यावा.

उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 साली सुरू झाली ती मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग नेण्यासाठी. तो हेतू रास्तच होता, मराठवाडा-विदर्भाचा तो हक्क आहे. मात्र विकसित तालुका म्हणून नकाशात रंगवलेल्या आमच्या तालुक्यातही आगरी-कोळी गावठाणे आहेत, आणि तिथली शिकलेली मुले गेटच्या बाहेरच्या बाजूला उभी आहेत.

भूखंड हस्तांतरणाच्या यापुढील परवानगीपत्रांत ही अट समाविष्ट करावी आणि दरवर्षी किती उमेदवार घेतले, त्यांतले किती कायम झाले, याचा फलक प्रत्येक केंद्राने आपल्या गेटवर मराठीत लावावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
रबाळे, नवी मुंबई येथील एक रहिवासी