नक्षी रद्दीत जाण्यापूर्वी : वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र शासन, यांस

सविनय नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर सोलापुरात आमच्या शेजारच्या कारखान्यातले सहा जुने माग भंगारात निघाले आणि त्यांच्याबरोबर जकार्डच्या पत्त्यांच्या, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या, माळाही गोणपाटात भरून किलोच्या भावाने गेल्या. एका माळेला बांधलेल्या चिठ्ठीवर तेलुगूत नक्षीचे नाव आणि रंगांचा क्रम लिहिलेला होता. त्या नक्षीची चादर पुन्हा विणायची झाली, तर आता कोणाच्या तरी ट्रंकेतली जुनी चादर हुडकून तिचे धागे मोजत बसावे लागेल.

हे पाहताना मला स्कॉटलंडच्या टार्टन गिरण्या आठवल्या. टार्टन म्हणजे तिथले चौकड्यांचे लोकरी कापड. आपल्या शाळांच्या गणवेशांतल्या अनेक चौकड्या त्याच वळणाच्या आहेत. टार्टनची ओळख धाग्यांच्या मोजणीवर ठरते : निळे किती, काळे किती, हिरवे किती आणि कोणत्या क्रमाने. सहसा ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, क्रमच बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, येतो, त्यामुळे तीन रंगांच्या सुतातून कापडावर सहा छटा उमटतात. बॅनॉकबर्नच्या विल्सन कारखान्याने १८१९ मध्ये या मोजण्या एका वहीत उतरवल्या. मागावरची माणसे बदलली, मागही बदलले, पण वहीतल्या आकड्यांवरून ते कापड आजही विणता येते.

पुढे हे काम सरकारनेच अंगावर घेतले. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये टार्टन नोंदणीचा कायदा केला आणि २००९ च्या फेब्रुवारीत सरकारी नोंदवही खुली झाली. नवे टार्टन नोंदवताना रंग, धाग्यांची संख्या आणि नावाशी असलेला संबंध सांगावा लागतो. या नोंदीने मालकी हक्क मिळत नाही, हेही खरे. मिळतो तो भरवशाचा दाखला. तो हाताशी असल्यामुळे सेलकर्कसारख्या गावातली गिरणी घराण्यांची जुनी टार्टन, कंपन्यांनी करवून घेतलेली नवी टार्टन आणि परदेशी स्थायिक झालेल्यांच्या छोट्या मागण्या एकाच छताखाली विणू शकते. फॅशनची मागणीही त्यांनी दारातून परत पाठवली नाही : ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांनी १९९३ मध्ये नवऱ्याच्या नावावरून ‘मॅकअँड्रियास’ हे टार्टन करवून घेतले. घराणे नवे, चौकडी जुन्या रीतीची!

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन नावाचे रक्षण करते, नक्षीची नोंद ठेवत नाही. आपल्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात आधुनिकीकरणावर भर आहे आणि त्याला माझा विरोध नाही. संगणकावर चालणाऱ्या जकार्डने नक्षी बदलण्याचा वेळ वाचतो आणि थोड्या मालाची मागणी घेणे परवडू लागते, हे मी रोज पाहतो. मात्र जुना माग काढताना त्यावरच्या नक्षीचे काय करायचे, हे कारखानदाराला कोणी विचारत नाही.

माझी विनंती एवढीच की, माग बदलण्यासाठी अनुदान देताना जुन्या पत्त्यांची संगणकीय प्रत घेण्याची अट घालावी आणि त्या प्रतीचा खर्च शासनाने उचलावा. आपल्या विभागाचे प्रादेशिक कार्यालय सोलापुरातच आहे. तिथे नक्षीची नोंदवही उघडावी आणि प्रत्येक नक्षीसोबत सुताचा नंबर (म्हणजे जाडी), रंगांचा क्रम, विणकराने दिलेले नाव आणि शक्य असेल तिथे कापडाचा वीतभर तुकडा ठेवावा. नाव तेलुगूत असेल तर तेलुगूतच लिहून घ्यावे, कारण पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांनी ते तसेच ठेवले होते.

पत्ते वाचून नक्षी ओळखणारी माणसे आता साठीपुढची आहेत. पुढच्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता या कामासाठी दोन माणसे आणि एक खोली द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
सोलापुरातील एक यंत्रमागधारक