मराठवाड्याच्या बाईला बोलू दे

औसा,
28 डिसेंबर 2025

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत होतास. नव्या मालिकेत मुंबईच्या एका घरात काम करणारी बाई आहे, बीडकडची, तिच्या तोंडी घालायला आपल्याकडचे चार झणझणीत शब्द सांग म्हणालास. मी लगेच तीन सांगितलेही. फोन ठेवला आणि रात्री झोप येईना. ते शब्द द्यायला नको होते, असं सारखं वाटत राहिलं. म्हणून हे पत्र. फोनवर मला एवढं बोलता आलं नसतं आणि तुलाही ऐकायला सवड झाली नसती.

तू मागितलेस ते शब्द हसू आणण्यासाठी होते. ती दार उघडते, काहीतरी खेडवळ बोलते, घरातले हसतात, मागं तसं संगीत वाजतं. वीस वर्षं मी हेच बघतोय. पडद्यावर आपल्याकडचं माणूस एक तर नोकर असतं, नाहीतर गुंड. आणि बोलतं ते आपलं नसतंच. एका वाक्यात कोल्हापूरचं "लई भारी", पुढच्याच वाक्यात नागपूरचं "करून राहिलो". तू लिहिणारा आहेस आणि आपल्या गावचा आहेस, म्हणून तुझ्याकडून तरी हे होऊ नये.

आपलं बोलणं आठवतं का तुला? "काय करतोयस" असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही. "काय करायलास?" लेकरू रडायलंय. पाऊस यायलाय. ती भाकरी करायली. तू कुठं जायलास? पुण्यात पहिल्या वर्षी तू मेसमध्ये "मी जेवायलोय" म्हणालास आणि समोरच्या पोरांना वाटलं, तू अजून जेवायला निघायचा आहेस. ते हसले. तुला तो दिवस लागला होता, मला माहीत आहे, कारण दिवाळीत तू आलास तेव्हा "करतोय, जातोय" बोलत होतास. तुझी माय चुलीपुढं बसून तुझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बोलनं बदललं की रे तुजं." त्यात तक्रार नव्हती. पण त्या सुट्टीत ती तुझ्याशी जरा जपून, कमी बोलली, हे मी शेजारच्या ओसरीवरून पाहिलंय.

त्या "करायलास"मध्ये काही चूक नाही. पुण्याचं "करतोय" हे जसं क्रियापदाचं एक रूप आहे, तसंच हेही. उदगीर-निलंग्याकडं कानडीचा शेजार आहे, देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. माझे आजोबा शाळेत उर्दू शिकले आणि शेवटपर्यंत सही उर्दूतच करायचे. धान्याच्या बाजाराला आपण आजही मोंढा म्हणतो. इतक्या भाषांच्या शेजारात जे बोलणं मराठी राहिलं, ते गावंढळ कसं? त्याच्या जिवावर तर आपण टिकलो.

आता त्या बाईबद्दल. तिला तू बीडची केलीस, कारण नाव ओळखीचं आहे. पण बीडमधली कुठली? केज, धारूर, वडवणीकडची असेल, तर बहुधा तिनं ऊस तोडलेला आहे. दसरा झाला की त्या गावांत म्हातारी माणसं आणि शाळेतली काही लेकरं तेवढी राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेबात दोन माणसांना मिळून एक कोयता! मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती किती टन तोडल्यावर फिटायची याचा हिशेब त्या बाईच्या डोक्यात असतो. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची, रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीत, येऊन भाकरी थापायची. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही. त्यातूनच गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायकांची बातमी 2019 मध्ये देशभर गाजली आणि सरकारला समिती नेमावी लागली. पुढं काय झालं, हे विचारायला वाहिन्या परत आल्या नाहीत. यंदाही टोळ्या गेल्या आहेत.

अशी बाई कोयता सोडून मुंबईत धुण्याभांड्याला लागली, तर तिनं तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घेतलेला असतो. ती बावळट नसते. मालकिणीनं दोन दिवसांचे पैसे कापले तर तिला ते पैशापर्यंत कळतं, आणि ती गप्प बसली तर का बसली, हेही तिलाच माहीत असतं. हे तू एका संवादात आणलंस, तर मला तुझा अभिमान वाटेल.

बातम्यांचंही असंच आहे, आणि ती माझी रोजची भाकरी असल्यानं मला जास्त टोचतं. आपण बातमीत येतो ते पाण्यामुळं. नसलं तरी आणि आलं तरी. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा टँकर, पाच लाख लिटर. त्या दिवशी स्टेशनवर देशभरातले कॅमेरे होते. मी पण होतो, वही घेऊन. सगळ्यांनी रेल्वे दाखवली. मांजरा धरण का आटलं, त्याच्या आधीच्या वर्षांत शिवारात कुठलं पीक किती वाढलं, बोअर किती खोल गेले, हे विचारणारे दोघं-तिघंच होते.

आणि या सप्टेंबरात पूर आला. परंडा-भूमकडं सीनेचं पाणी घरात शिरलं, इकडं मांजरा-तेरणा. कापणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, शेंगांना कोंब फुटले होते. एका वाहिनीची माणसं आमच्याकडं आली. आमच्या आळीतल्या मावशी रानातून परत येत होत्या. त्यांना म्हणाले, पुन्हा एकदा पाण्यात जाऊन उभ्या राहा आणि तिथून बोला. त्या गेल्या. मी तिथंच होतो आणि त्यांना अडवलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

त्या पाच-सात मिनिटं बोलल्या. अडीच एकर सोयाबीन, त्यातलं एक एकर बटईचं. मोटार गेली, पाईप गेले. बांधाकडची माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला, आता तिथं दोन-तीन वर्षं काही येणार नाही. मग त्या पीकविम्यावर बोलल्या. यंदापासून एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई निस्ती पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक रानांतलं पीक कापून काढलेल्या उत्पन्नावर, ठरणार, मग वाहून गेलेल्या रानात प्रयोग कुठं करणार, असं त्यांनी विचारलं. बाळू, हा प्रश्न त्या आठवड्यात मी कुठल्याच चर्चेत ऐकला नाही. संध्याकाळी टीव्हीवर त्या दिसल्या, दहा-बारा सेकंद, पदर डोळ्याला लावलेल्या. खाली पट्टी होती, अश्रूंचा बांध फुटल्याची. प्रश्न कापून टाकला होता.

7 ऑक्टोबरला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या दिवशी तोच आकडा दिवसभर फिरला. मावशींच्या अडीच एकरांचं काय, हे विचारायला मात्र कुणी फिरकलं नाही.

त्या बारा सेकंदांत आणि तुझ्या मालिकेतल्या त्या दार उघडण्यात मला फरक दिसत नाही. एका ठिकाणी आपली बाई रडायला हवी असते, दुसऱ्या ठिकाणी हसवायला. तिचं म्हणणं दोन्हीकडं नको असतं.

याला उलटं उदाहरणही आपण पाहिलंय. 2023 च्या ऑगस्टअखेर अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सुरू झालं आणि मनोज जरांगे यांचं बोलणं सगळ्या वाहिन्यांवर तासन् तास थेट लागलं. आरक्षणाबद्दल तुझं-माझं पटत नाही, तो विषय बाजूला ठेवू. पण जालना-बीडचं बोलणं, कुणी न सुधारलेलं, मुंबईतल्या बैठकीच्या खोल्यांत इतका वेळ चाललं, आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. मग मालिकेतच ते लोकांना कळणार नाही, असं तुमच्या वाहिनीची माणसं कशाच्या जोरावर म्हणतात?

आणि लक्ष्मण देशपांडे सर. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारा माणूस "वऱ्हाड निघालंय लंडनला"मध्ये एकटा 52 पात्रं उभी करायचा, सगळी आपल्या बोलण्यात. ती कॅसेट तुझ्या बापूंनी आणली होती, टेपरेकॉर्डर खराब होईपर्यंत आपण ऐकली. लोक हसून हसून बेजार व्हायचे, पण त्यातल्या एकाही माणसाची किंमत कमी व्हायची नाही. सरांना ती माणसं आपल्या घरची वाटत होती, ते आवाजातून कळायचं. विनोद नको असं माझं म्हणणं नाही. तो तसा असावा.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तू मला पेढ्याचा फोटो पाठवला होतास. त्या दिवशी मराठीचं वय सांगताना सगळे गाथासप्तशतीचं नाव घेत होते. ती सातवाहनांच्या काळातली, आणि त्यांची राजधानी आपलं पैठण. विवेकसिंधूचे मुकुंदराज अंबाजोगाईला विसावलेत, म्हणजे तुझ्या त्या बाईच्याच जिल्ह्यात. नामदेव नरसीचे. भाषेचं वय मोजायला पैठण चालतं आणि पैठणची बाई बोलायला लागली की हसू येतं, हे मला सहन होत नाही.

आणि जनाबाई. हे मला काल पहाटे सुचलं आणि मी उठून बसलो. गंगाखेडची पोर, लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या. दुसऱ्याच्या घरी राबणारी मराठवाड्याची बाई मराठीत पहिल्यांदा आली ती अशी, आणि जात्यावर बसून तिनं जे म्हटलं ते सातशे वर्षं घरोघर म्हणतात. विठ्ठलाला ती दळायला बसवते, त्याच्याशी भांडते. तिच्या तोंडी झणझणीत शब्द घालायला कुणी लागलं नाही. तुझी ती बाई लिहिताना जनाबाई शेजारी ठेव, एवढंच मागतो.

19 तारखेला, मार्गशीर्ष अमावस्येला, आपली येळवस झाली. यंदा रानात दुःख होतं, तरी सगळे गेले. कडब्याची कोप केली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले, भज्जी, उंडे, बिंदग्यात, त्या मातीच्या भांड्यात, आंबिल. आंबिल शिंपत पोरं "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत रानभर फिरली. खरडलेल्या तुकड्यावरही मावशींनी आंबिल शिंपली. तुमच्या मालिकांत मंगळागौर असते, करवा चौथ असतो. येळवशीला लातूर शहर दुपारी ओस पडतं, एवढा मोठा सण, पण पडद्यावर मी तो एकदाही पाहिला नाही. तुझ्या बाईला त्या दिवशी सुट्टी मागू दे. मालकीण विचारेल, कसली अमावस्या? मग तिला सांगू दे, तिच्याच बोलण्यात, पूर्ण. पण हे लातूर-धाराशिवकडचं आहे, तेव्हा तिला अंबाजोगाईच्या खालच्या अंगाची कर, म्हणजे खोटं वाटणार नाही.

परवा दिलेले ते तीन शब्द खोडून टाक. मावशींशी मी बोललोय. तुला काय विचारायचं ते विचार म्हणाल्या, त्या सांगायला तयार आहेत. पण दिवसा फोन करू नकोस, त्या हरभऱ्याच्या रानात असतात. रात्री आठनंतर माझ्या फोनवर कर, मी त्यांच्या ओसरीवर जाऊन देतो. आणि त्यांच्याशी "करतोय" बोलू नकोस.

तुझा,
नाना