नवेगावबांधच्या धानगिरणीवाल्या दादांना थँक्यू

दादा, नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही म्हणून नुसतं दादा. तुम्ही काही हे वाचणार नाही, पोरगी वाचून दाखवेल.

पुण्याहून कॅम्परव्हॅन घेऊन निघालो तेव्हा प्लॅन साधा होता, ताडोबाची सफारी करायची आणि परत. विदर्भ म्हणजे ऊन, कापूस आणि सावजी, एवढंच डोक्यात, त्यात नातेवाइकांनी तिकडे रात्री गाडीत झोपू नका रे बाबांनो असं बजावून बजावून घाबरवलेलं. आईच्या हट्टापायी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधकडे वळलो, अंधार पडला, गाडी लावायला जागा मिळेना आणि तुम्ही सरळ गिरणीच्या आवारात बोलावलंत. पहिला प्रश्न काय, तर "रक्ततपासनीची गाडी हाय का जी?" म्हणजे गैरसमज फक्त आमचेच नव्हते तर 😄 आतला बेड, शेगडी, सिंक बघून वहिनी म्हणाल्या, "घरच घेऊन फिरून राह्यले न बापा!"

बोअरला पाइप लावून टाकी भरून दिलीत, पैसे विचारले तर हसलात. पण भांड्यांचं साबणाचं पाणी कुठे सोडू म्हटल्यावर हसला नाहीत. टॉर्च मारून जमिनीचा उतार दाखवलात, इथलं सगळं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात जातं आणि बोडीतून धानाला, मग कुदळ आणून मागे केळीपाशी खड्डा काढलात आणि तिथेच आमची सांडपाण्याची टाकी रिकामी करायला लावलीत. इतकी गावं फिरलो, हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि आम्ही मात्र सगळीकडे कचरा टाकू नका म्हणत फिरतो!

सकाळी नवेगावच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभं राहून सगळा तलाव दाखवलात. चहूबाजूंनी टेकड्या, मधे पाणीच पाणी, आणि हा कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकात बांधलाय हे तुम्ही असं सांगत होतात जसं काही पाटील तुमच्या घरी चहाला येऊन गेलेत. दुष्काळी विदर्भ म्हणायचो आम्ही, ते भंडारा-गोंदियाकडची ही मालगुजारी तळी, म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातली जुनी तळी न बघताच. त्या दिवशी सारस काही दिसले नाहीत, पण कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात ते कुठे उतरतात ती जागा दाखवलीत. महाराष्ट्रात आता सारस उरलेत ते मुख्यतः तुमच्याच जिल्ह्यात, हे आम्हाला कुठल्याच ट्रॅव्हल व्हिडिओने सांगितलं नव्हतं. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतही तुमच्यामुळेच गेलो, नाहीतर गोंदियात तिबेटी लोक राहतात म्हटलं असतं तर मी पैज लावली असती.

आणि नाटक! झाडीपट्टीचं, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भातलं नाटक म्हणजे गावच्या गणपतीतल्यासारखं काहीतरी हौशी असेल असं बायकोला वाटत होतं (मलाही, पण मी बोललो नव्हतो). गडचिरोलीतल्या वडशाची नाटक कंपनी, तिकीट काढून मंडप खचाखच, रात्री उशिरा पडदा उघडला तो पहाटेपर्यंत. स्टेजच्या कडेला वही घेतलेला प्रॉम्प्टर, समोर खलनायकाला तोंडावर शिव्या घालणाऱ्या आजीबाई. गुडघे दुखतात म्हणून अर्ध्या तासात परत यायचं ठरवलेली आमची आई शेवटच्या गाण्यापर्यंत हलली नाही, वर वहिनींच्या शालीत.

तुमच्या बोअरला आमचा निळा पाइप राहिलाय. तो पाठवायच्या भानगडीत पडू नका, वापरा. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे तुमच्याकडच्या जत्रा-नाटकांच्या दिवसांत येतोय, तिकिटं काढून ठेवा, आईचं पुढच्या रांगेतलं, आणि या वेळी तिकिटांचे पैसे घ्यायचे म्हणजे घ्यायचे.