‘एफआर’ म्हणजे आगीत टिकणारी नव्हे

महोदय,

मीटर खोलीचे वायरिंग बदलताना सोसायट्या केबलवर ‘एफआर’ (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे ज्वालारोधक) छाप दिसला की निश्चिंत होतात. एफआर पीव्हीसी आग पसरू देत नाही, इतकेच. धूर दाट आणि आम्लयुक्तच. म्हणून जिन्यात हॅलोजनमुक्त, म्हणजे क्लोरीनसारखी आम्लधूर करणारी द्रव्ये नसलेली, केबल हवी. आगीतही चालू राहायला हव्या अशा फायर पंपाच्या केबलमध्ये तांब्यावर अभ्रकाची टेप लागते. प्लास्टिक जळाले तरी ती तारा एकमेकींना भिडू देत नाही.

मुंबईच्या पावसात ओल बहुधा आवरणातून नव्हे, उघड्या टोकातून किंवा जॉइंटमधून शिरते आणि तारांच्या फटींतून आत सरकत जाते. चिकटपट्टीचा जॉइंट तर पहिल्याच सरीत मान टाकतो! हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) आतून गोंद असलेलीच घ्यावी. जोडणीनंतर 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) इन्सुलेशनचा रोध 1 मेगओहमपेक्षा कमी आला, तर पुरवठा सुरू करू नये.

— एक विद्युत अभियंता, परळ