तू फोनवर विचारलंस ते

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "आई, माझं तारण झालंय का गं? पापातून सोडवून देवाने मला आपलं केलंय का?" आणि मी गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून फोन बंद केला. दूध ठेवलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं रविवारच्या शब्बाथ शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना बायबलमधून तारणाचे धडे दिले आणि पोटच्या पोरीने विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. तीन दिवस हे पत्र मनात घोळतंय. आज कागद घेऊन बसलेच.

तुझं बोलणं मला बरोबर कळलंय ना, ते आधी बघ. मैत्रिणीबरोबर तू ज्या सभेला जातेस तिथे सगळ्यांनी साक्ष दिली, देव आपल्याला कसा भेटला ते सांगितलं. तुझा नंबर आला तेव्हा तिथल्या ताईंनी विचारलं, तुझा नवा जन्म कोणत्या दिवशी झाला, ख्रिस्ताला तू मनापासून कधी स्वीकारलंस? तू म्हणालीस, तीन महिन्यांची असताना बाप्तिस्मा झाला आणि सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल केला. त्या म्हणाल्या, मग तू नामधारीच, नावापुरती ख्रिस्ती. बाकीच्या मुली रडल्या, एक-दोघी जमिनीवर कोसळल्या. तुला काहीच झालं नाही, आणि रात्रभर तुझा डोळा लागला नाही.

त्या ताईंवर रागावू नकोस. त्यांनी निदान विचारलं. आपल्या मंडळीत, आपल्या चर्चमध्ये, हा प्रश्न कुणी कुणाला विचारतच नाही. वर्गणी भरलेली असली, नाताळ-ईस्टरला हजेरी लागली, लग्न देवळात झालं आणि माती आपल्या कबरस्तानात पडली की माणूस ख्रिस्ती. मंडळीच्या निवडणुकीत एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसं पुढच्या रविवारी एकाच बाकावर बसून गीत गातात. सोयरीक जमवताना "ते मूळचे कोण?" हा प्रश्न अजून दबक्या आवाजात निघतोच. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःचा बाप्तिस्मा व्हायच्या आधीच जातीचं सोवळं मनातून काढून टाकलं होतं, आणि आम्ही तीन-चार पिढ्यांचे बाप्तिस्मे झालेले लोक ते अजून पदराला बांधून फिरतो. त्यामुळे नामधारी हा शब्द मला लागला, पण खोटा वाटला नाही.

ताईंचा प्रश्न बरोबर होता. माप मात्र मला पटत नाही.

तुझा बाप्तिस्म्याचा दाखला आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तो कागद खरा आहे. त्या दिवशी आम्ही दोघांनी तुझ्या वतीने देवापुढे वचन दिलं, आणि देवाने तुला नावाने हाक मारली असं आम्ही मानतो. पण हाकेला ओ तुलाच द्यावी लागते, ती आमच्या सहीने होत नाही. ताई म्हणतील, म्हणूनच मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा. तसं असतं तर पंडिता रमाबाईंचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला असता.

रमाबाई तुला पाठ्यपुस्तकापुरत्या माहीत आहेत. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, आपण गेलो होतो तेव्हा तू सात वर्षांची होतीस. (आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं.) तिथली छापखान्याची गोष्ट ऐकताना तू माझा पदर ओढून भूक लागली म्हणत होतीस. या बाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज गावी झाला. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी त्यांच्या लेकीचा, मनोरमेचाही झाला. आई पंचवीस वर्षांची, संस्कृतची पंडिता. लेक दोन वर्षांची, तिला काय कळणार? आईला मात्र सगळं कळत होतं. त्रैक्यापासून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) चर्चच्या अधिकारापर्यंत एकेका गोष्टीवर तिने पुढेही तिथल्या सिस्टरांशी, म्हणजे जोगिणींशी, पत्रांतून वाद घातला. पटल्याशिवाय मान डोलवणारी ती बाई नव्हतीच. पुढे त्या अमेरिकेत फिरल्या, पैसा उभा केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाल-विधवांना पोटाशी धरलं. आपल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

आणि एवढं सगळं करून झाल्यावर, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाची हकिकत त्यांच्या वाचनात आली होती. तो कॉर्नवॉलमधला. दीक्षा झालेला, देऊळ चालवणारा माणूस, आणि १८५१ मध्ये एका रविवारी प्रवचन करता करता त्याला स्वतःलाच देव भेटला. ते वाचून रमाबाई विचारात पडल्या, मग मी कुठे उभी आहे?

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घे. रमाबाई ढोंगी नव्हत्या. आपण नामधारी म्हटलं की डोळ्यांपुढे रविवारी पांढरं नेसणारा आणि सोमवारी मापात मारणारा माणूस आणतो, आणि आपण तसे नाही म्हणून निश्वास सोडतो. पण प्रामाणिक, कष्टाळू, धर्मासाठी सोसलेलं माणूसही ख्रिस्ताच्या ओळखीवाचून राहू शकतं. बायबलात मत्तयाच्या सातव्या अध्यायात 'प्रभू, प्रभू' म्हणत जे येतात त्यांची यादी बघ. आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली, मोठमोठी कामं केली. तुझ्या त्या सभेत यातलं एक जरी कुणी केलं तरी लोक त्याला डोक्यावर घेतील. प्रभू त्यांना एवढंच म्हणतो की माझी-तुमची ओळख नव्हती.

हॅस्लमचं झालं ते भर देवळात, लोकांदेखत. रमाबाईंचं झालं ते वाचता वाचता, आतल्या आत. आणि केडगावात १९०५ च्या जूनमध्ये जे झालं ते तर फारच मोठ्याने. मुक्ती मिशनमधल्या मुली पापांच्या आठवणीने हमसून हमसून रडू लागल्या, एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी ते दडपलं नाही. त्यांनी मुलींच्या टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला पाठवल्या. म्हणून रडण्याला मी नावं ठेवत नाही. पण त्यावरून कुणाला खरं ठरवत नाही, आणि तुझ्या कोरड्या डोळ्यांवरून तुला खोटंही ठरवत नाही.

मग कशावरून ठरवायचं? आता जे लिहिणार आहे ते तुझ्या पप्पांशिवाय आणि आणखी एका माणसाशिवाय कुणाला माहीत नाही.

काकू आपल्याकडे नाताळला का येईनाशी झाली, असं तू लहानपणी विचारायचीस. मी म्हणायचे, श्रीरामपूर लांब आहे. खरं कारण सांगते. तुझी आजी दवाखान्यात होती तेव्हा तिने हातातल्या दोन पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या आणि म्हणाली, दोघी सुनांना एकेक. मी त्या रुमालात बांधल्या. आजी चौथ्या दिवशी गेली. मी दोन्ही ठेवल्या. मनाशी म्हटलं, शेवटची दोन वर्षं अंथरुणातलं सगळं मी केलं, ती कधी फिरकली? काकूने एकदा विचारलं, आईंच्या पाटल्या कुठे गेल्या? मी म्हटलं, औषधपाण्यात गेल्या. तेव्हापासून तिचं येणं बंद झालं.

नऊ वर्षं, बाळा. या नऊ वर्षांत मी शब्बाथ शाळा घेतली, महिला मंडळाची चिटणीस झाले, उपवासकाळात घराघरात प्रार्थना चालवल्या. दर महिन्याला प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणायचे, शेजाऱ्याशी प्रेमाने राहणाऱ्यांनी जवळ यावं. मी उठायचे आणि जाऊन गुडघे टेकायचे. मला काही बोचत नव्हतं, हेच मला आज सगळ्यात भयंकर वाटतं. माणूस देवळात रोज वावरून देवाला इतका सरावतो की त्याची नजर अंगावर पडलेलीसुद्धा कळत नाही.

मग ५ एप्रिलला, रमाबाईंच्या स्मृतिदिनी, मंडळात त्यांच्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या त्या ओळी मी वहीत उतरवून घेत होते. 'धर्म सापडला, ख्रिस्त नाही' इथे आले आणि हात थांबला. भाषण तरीही केलं, टाळ्याही मिळाल्या. त्या रात्री कपाटातला रुमाल काढून पलंगावर बसले. पप्पांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तीन आठवडे माझा धीर झाला नाही. एकदा वाटलं, पाटली कुरिअरने पाठवून द्यावी. एकदा वाटलं, विकून पैसे देवळाला द्यावेत, म्हणजे तोंड न दाखवता सुटका. त्याच दिवसांत प्रभूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदा शिष्याची गोष्ट पुन्हा वाचली आणि कधी न दिसलेलं दिसलं. यहूदाने पैसे परत केले होते! तीस रुपये जसेच्या तसे. चूकही कबूल केली, मी निर्दोष माणसाला धरून दिलं म्हणाला. पश्चात्तापात आपण जे जे मागतो ते सगळं त्याच्याकडे होतं. पण तो गेला याजकांकडे, प्रभूकडे गेला नाही. पेत्र या दुसऱ्या शिष्याने प्रभूला ओळखत नाही म्हणून नाकारलं, तेही तीन वेळा, आणि त्याच्याकडे परत करायला काही नव्हतंसुद्धा. पण पुन्हा उठलेला प्रभू किनाऱ्यावर उभा आहे म्हटल्याबरोबर त्याने अंगरख्यासकट पाण्यात उडी टाकली. मला खऱ्या-खोट्यातला फरक कळला तो एवढाच. दोघंही चुकले. चुकल्यावर पाय कुणीकडे वळले, ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गुडघे टेकले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला प्रार्थनेत शब्द सापडत नव्हते. सकाळच्या एसटीने श्रीरामपूरला गेले. काकू अंगणात धुणं वाळत घालत होती. मी दारातच सगळं सांगितलं, नाहीतर आत जाऊन पाणी प्यायल्यावर धीर गेला असता. तिने ओले हात पदराला पुसले, पाटली घेतली, तळहातावर तोलून बघितली आणि म्हणाली, "नऊ वर्षं." मग आत जाऊन चहा ठेवला.

तिने मला मिठी मारली नाही. मी क्षमा मागितली, तिने केली की नाही ते सांगितलं नाही. पूर्वी ती मला ताई म्हणायची, आता जाऊबाई म्हणते. तेही मला स्वीकारायला हवं. पाटली परत केल्याने माझं तारण झालं असं समजू नकोस. ते कशाने होतं हे तुला ठाऊक आहे, येशूच्या वधस्तंभाशिवाय माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. पण ज्याला प्रभूने हाताला धरलंय त्याला मूठ फार दिवस आवळून ठेवता येत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते. त्या दिवशी परतताना राहुरीच्या पुढे एसटीत मला जे मोकळं वाटलं ते कुठल्याही सभेत वाटलं नव्हतं. तरी मला जर कुणी विचारलं, तुझा नवा जन्म कधीचा, तर तो पहाटेचा, एसटीतला, की शब्बाथ शाळेत पहिल्यांदा त्याचं नाव ऐकून मी रडले होते तेव्हाचा, हे मला सांगता येणार नाही.

आता तुझ्याबद्दल. तारण झालंय का, यावर शिक्का मारणं माझ्या हातात नाही, त्या ताईंच्याही नाही. गव्हातलं निदण, म्हणजे तण, आताच उपटू नका, असं येशूच्या दाखल्यातल्या धन्यानेच सांगितलंय. पण मी आई आहे, डोळ्यांनी बघितलेलं सांगू शकते. आजी अंथरुणाला होती तेव्हा तू आठवीत होतीस. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने पुन्हा चादर ओली केली आणि तू तिच्यावर ओरडलीस, मर एकदाची म्हणालीस. मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं आणि गप्प राहिले. मध्यरात्री पाणी प्यायला उठले तर तू तिच्या खाटेशी अंधारात गुडघे टेकून बसली होतीस. ओठ हलत होते. सकाळी शाळेत जायच्या आधी तू तिला सगळं सांगितलंस. तिला तर तू ओरडलेलं आठवतही नव्हतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. पाटल्यांची गोष्ट तेव्हा अजून घडायचीच होती. पण पुढे नऊ वर्षं जे मला जमलं नाही ते माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने एका रात्रीत केलं होतं.

सभेला जायचं असेल तर जा. पुढच्या वेळी तारीख विचारली तर खरं ते सांग, मला तारीख सांगता येत नाही म्हण. आणि घरी आल्यावर दार लावून त्याला स्वतः विचार, मला विचारलंस ते. तुझा प्रश्न खरं तर त्यालाच होता.

नाताळच्या आदल्या दिवशी, २४ ला संध्याकाळपर्यंत पोच, दारावर स्टार लावायचा राहिलाय, पप्पांचा हात वर जात नाही. २६ ला आपण दोघी श्रीरामपूरला जाऊ, करंज्या मी जास्तीच्या करते. तुला सगळं माहीत आहे, हे काकूला सांगायचं की नाही, ते तिच्या अंगणात गेल्यावर तूच ठरव.

तुझी,
आई