वायरिंगवाल्या काकांना, टाइप-सी पोर्टबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

राजेंद्र नगर आणि लोकमान्य नगर भागातल्या आमच्या गाड्यांना तुम्ही टाइप-सी चार्जिंग पोर्ट बसवून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पोर्ट बसवणारे इंदुरात पुष्कळ आहेत. आम्ही ऋणी आहोत ते तुम्ही ज्या गोष्टींना ठाम नकार दिलात त्यांचे, आणि पत्र उघडपणे लिहितो आहोत ते बाकीच्या गाडीवाल्यांनाही ते नकार कळावेत म्हणून.

बहुतेकांची पहिली मागणी एकच असते: जुने सिगारेट लायटरचे सॉकेट काढा, त्याच भोकात पोर्ट बसवा. गाडीत एकच सॉकेट असेल तर तुम्ही त्याला हात लावत नाही, आणि ते अगदी बरोबर आहे. टायरमध्ये हवा भरायचा पंप त्याच बारा व्होल्टवर चालतो आणि साधारण १० अँपिअर ओढतो. यूएसबीतून तो चालायचा नाही. पुण्याला जाताना सेंधव्याच्या पुढे रात्री चाक बसले, तर त्या क्षणी टाइप-सीचा काय उपयोग? म्हणून अशा गाडीत तुम्ही डॅशबोर्डवरची कोऱ्या बटणाची जागा शोधता. दोन सॉकेटे असतील तरच त्यातले एक बदलता.

सॉकेट काढायची तुमची पद्धतही सांगण्यासारखी आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार १० नंबरच्या पान्याने सुटी. मग सॉकेटच्या नळीत आत दोन खिडक्या दिसतात, त्यांत प्लास्टिकच्या कॉलरचे कान अडकलेले असतात. दोन बारीक चपट्या पेचकसांनी ते कान दाबले की नळी सरळ बाहेर येते. ओढाताण केली तर कान तुटतात आणि कॉलर आयुष्यभर खडखडते. कन्सोलच्या क्लिपा उचकायला लोखंडी हत्यार नाही, नायलॉनची पट्टी. पिवळ्या कपलरला (तारा जोडायच्या प्लगला) हात नाही, कारण तो एअरबॅगचा. आणि मॉड्यूल, म्हणजे पोर्टचा तयार संच, विकत घ्यायच्या आधी भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजायचा. बाजारातली गोल मॉड्यूल बहुधा २९ मिलिमीटरच्या भोकासाठी असतात, गाडीचे भोक तसे असेलच असे नाही. मागची खोलीही बघायची, नाहीतर वायर वाकवून कोंबावी लागते.

पण खरे आभार विजेच्या हिशेबाचे. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘१०० वॅट’ छापलेले असते, ती बहुतेक वेळा सगळ्या पोर्टांची बेरीज असते. तुम्ही प्रत्येक पोर्टचा आकडा वेगळा वाचता. समजा टाइप-सीला ६० वॅट आणि शेजारच्या यूएसबी-एला १८. एकूण ७८. मॉड्यूलमधल्या कन्व्हर्टरची, म्हणजे गाडीचे व्होल्ट यूएसबीच्या व्होल्टमध्ये बदलणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ९० टक्के धरली तर गाडीतून जातात सुमारे ८७ वॅट, म्हणजे १२.५ व्होल्टला जवळपास ७ अँपिअर. त्याला १० अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. हीच तार पंपाच्या सॉकेटच्या लाइनीला जोडली, तर पंपाचे १० आणि पोर्टचे ७ मिळून १७ होतात, आणि फ्यूज असतो १५ चा. लोकांना वाटते, फार तर फ्यूज उडेल. तो लगेच उडत नाही, हीच अडचण. दहा-पंधरा टक्के जादा भार फ्यूज बराच वेळ सहन करतो आणि तोवर सॉकेट, कपलर, तार सगळे तापत राहते. मग कोणीतरी २० चा फ्यूज घालून ‘इलाज’ करतो. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, पोर्टच्या सोयीसाठी नाही, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला न कंटाळता सांगता.

त्यामुळे पोर्टची लाइन वेगळी, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून स्वतःच्या फ्यूजसह नवी लाइन काढून देणारा जोड) लावून, फ्यूज बॉक्समधल्या इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या खणातून. टॅप कोणत्या बाजूने बसवायचा हेही तुम्ही टेस्ट लॅम्पने पाहता. फ्यूज उपसून खणाच्या कोणत्या टोकाला बॅटरीकडून वीज येते ते शोधायचे, आणि टॅपची वायर निघते ती बाजू दुसऱ्या टोकाला ठेवायची. उलटा बसला तरी पोर्ट चालतोच, म्हणून चूक कळत नाही. पण मग पोर्टचा सगळा भार मूळ फ्यूजमधूनही जातो.

कायम चालू लाइनीवर पोर्ट देणाऱ्यांनी एक गणित करून बघावे. व्होल्टमीटरचा निळा आकडा दाखवणारे मॉड्यूल नुसते बसून १५ मिलिअँपिअर खात असेल, तर महिन्याला जवळजवळ ११ अँपिअर-तास झाले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची. गाडी महिनाभर उभी राहिली तर तिचा तिसरा हिस्सा त्या दिव्यातच जातो. (तो निळा दिवा रात्री डोळ्यांवर येतो ते वेगळेच.)

जोडणीबाबत तुमचा हट्ट आम्हाला सुरुवातीला जास्तीचा वाटे. तार सोलून पिळायची आणि वर काळी टेप, हे इथे सर्रास चालते. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. तुम्ही थिंबल (धातूची टोपी) तारेवर दाबून क्रिंप करता, वर गरम करून स्लीव्ह आकसवता, आणि हार्नेसला, म्हणजे तारांच्या जुडग्याला, कापडी टेप. नुसते झाळणेही (सोल्डरिंग) नको म्हणता, कारण झाळ तारेच्या धाग्यांत शिरते, तेवढा भाग कडक होतो आणि धक्क्यांनी तार नेमकी त्याच्या कडेला तुटते. अर्थिंगची (निगेटिव्ह) तार रंगवलेल्या पत्र्यावर नाही, कंपनीच्या मूळ अर्थ पॉइंटवर.

आणि शेवटी तपासणी, तीही भार लावून. रिकाम्या पोर्टच्या मागच्या पिनांना मल्टीमीटर लावला की खराब जोडसुद्धा १२.५ दाखवतो, कारण करंटच वाहत नसतो. त्या जोडात अर्धा ओहम अडथळा असेल तर ७ अँपिअरला साडेतीन व्होल्ट तिथेच गळतात, आणि जवळपास २५ वॅट उष्णता तयार होते. डॅशबोर्डच्या मागे लहान सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखेच ते. व्होल्टेज पडले की कन्व्हर्टर तेवढेच वॅट मिळवायला करंट आणखी वाढवतो, म्हणजे जोड आणखी तापतो. तुम्ही लॅपटॉप आणि फोन दोन्ही लावून, पोर्टच्या मागच्या पिनांवर मोजता आणि बॅटरीशी ताडून पाहता. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड पुन्हा.

एफएमची खरखर हा प्रकार फार जणांना माहीत नसतो. स्वस्त मॉड्यूलमध्ये फिल्टर नीट नसतो. फोन लावला की लांबचे स्टेशन खरखरते, काढला की स्वच्छ. फेराइटची, म्हणजे खरखर अडवणारी, कडी आणि अँटेनाच्या केबलपासून अंतर, एवढ्याने बहुधा भागते. नाही भागले तर मॉड्यूल बदलायचे, उगाच वायरिंगला दोष द्यायचा नाही.

केबलबद्दलही तुमचेच म्हणणे इथे लिहून ठेवतो. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची, चिप असलेली केबल लागते. सॅमसंगच्या २५ वॅटसाठी पोर्टवर ‘पीपीएस’ (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्ट कमी-जास्त करण्याची सोय) लिहिलेले हवे, नाहीतर फोन हळूहळू चार्ज होतो. आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी सुरू करून लगेच फोन लावला तर तो मुद्दामच सावकाश चार्ज होतो. त्यात पोर्टचा दोष नाही, आधी एसी चालू द्या.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत तुम्ही प्रत्येक गाडीत चिठ्ठी चिकटवलीत: टॅप कोणत्या खणात, फ्यूज किती, तार किती जाडीची. उद्या गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तरी त्याला डॅशबोर्ड उकलत बसायला नको. एकच विनंती आहे, ती शाई उन्हाने उडते. पुढच्या वेळी पर्मनंट मार्करने लिहावे.

आपले नम्र,
राजेंद्र नगर – लोकमान्य नगर परिसरातले गाडीवाले, इंदूर